वाघाच्या मावशीची पंच्याहत्तरी

मांजर म्हातारं झालं की घरात तज्ज्ञांची संख्या वाढते. नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गल्लीतलं घर घ्या. इतकी वर्षं चुलीपाशी मुकाट झोपणारी मनी एका रात्री तीन वाजता ओसरीच्या मधोमध उभी राहून असा सूर लावते, की समोरच्या घरातला दिवा लागतो. सकाळी बैठक बसते. आजी म्हणते, हिला काहीतरी दिसतं. काका म्हणतात, ऊन डोक्यात गेलं. सूनबाई म्हणते, परवा मी ओरडले त्याचा राग धरलाय. शेजारच्या काकू दारातूनच अहिराणीत निकाल देतात, ‘म्हतारी व्हयी गयी ती, दुसरं काय!’ मग मनी न्हाणीतल्या बादलीतलं पाणी पिऊ लागते, दादर ज्वारीच्या पोत्यामागे घाण करते, ताटली चाटूनपुसून झाली की पाचव्या मिनिटाला जन्माची उपाशी असल्यासारखी हाका मारते, भिंतीकडे तोंड करून बसते. प्रत्येक गोष्टीसाठी घरात नवं स्पष्टीकरण तयार होतं: रुसली, हट्टी झाली, आळसावली, लाडावली, बाहेरचं लागलं. ही सगळी स्पष्टीकरणं मनीच्या स्वभावाबद्दल, भुतांबद्दल किंवा हवामानाबद्दल आहेत. तिच्या सांध्यांबद्दल, दातांबद्दल, मूत्रपिंडांबद्दल, रक्तदाबाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा हवा. म्हाताऱ्या मांजराच्या वागण्यात नवीन काही दिसलं की आधी शरीर पाहावं, मग स्वभाव, आणि भुतांना अगदी शेवटी, वेळ उरलाच तर बोलवावं.

म्हातारं कोणाला म्हणायचं, ते आधी ठरवू. पशुवैद्यांच्या ढोबळ हिशेबात मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांएवढं, दुसरं वर्ष संपताना ते चोवीस वर्षांचं, आणि पुढचं प्रत्येक वर्ष चार-चार वर्षांचं. अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनांनी २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दहा वर्षांपुढचं मांजर ज्येष्ठ मानलं आहे. या हिशेबानं १५ वर्षांची मनी ७६ वर्षांची होते. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला; त्यामुळे वयाच्या निकषावर मनीला शहादा ते नंदुरबार फुकट जाता यायला हरकत नाही, अडतं ते फक्त आधार कार्डापाशी. आणि आधार तरी कुठून असणार? सरकारदरबारी मनी अस्तित्वातच नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई, म्हशी, शेळ्या, डुकरं, उंट मोजले गेले. याक आणि मिथुन मोजले गेले. कुत्रे, ससे, एवढंच काय, हत्तीसुद्धा मोजले गेले. मांजर वगळलं. नंदुरबार जिल्ह्यात याक किती, याचं उत्तर सरकार छातीठोकपणे देऊ शकतं. मांजरं किती, याचं देऊ शकत नाही. जे दूध देत नाही, ओझं वाहत नाही आणि मोजायला गेलं तर माळ्यावर पळतं, त्याच्या म्हातारपणाकडे शासनानं पाहिलं नाही, यात नवल नाही. नवल घरच्यांचं आहे, कारण त्यांना पाहता येतं.

आणि पाहता येतं म्हणजे उत्तम पाहता येतं. जनावर पारखण्याच्या बाबतीत हा जिल्हा कोणाला हार जाणारा नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. तिथला जाणकार घोड्याचा ओठ वर करून दात पाहतो आणि वय सांगतो. दहा पावलं चालवून कोणता पाय दुखतो ते ओळखतो. अंगावरचे भोवरे पाहून घोडा धन्याला फळेल की नाही, इथपर्यंत मजल जाते. बैलानं रवंथ सोडली, मुसकट कोरडं पडलं, शेळी कळपाच्या मागे रेंगाळू लागली, की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. बैल रुसला असेल, असं तेव्हा कोणी म्हणत नाही. आजारी बैलाच्या स्वभावाचं विश्लेषण करण्यात एक संध्याकाळसुद्धा कोणी घालवणार नाही; डॉक्टरला फोन जातो. मग हीच नजर गोठ्यातून घरात येताना उंबऱ्यावर का अडखळते? कारण उघड आहे. घोड्याला किंमत मोजलेली असते, बैलावर पेरणी अवलंबून असते. मनी मात्र पावसाळ्यात कौलांवरून आपली आपण आलेली. धर्माच्या गाईचे दात पाहत नाहीत, मग फुकटच्या मांजरीचे कोण पाहणार? पाहिले असते तर कळलं असतं, की ती भाकरीचा कडक पापुद्रा तोंडातून टाकून देते आणि दुधात भिजलेला मऊ भागच खाते, ते हिरड्या सुजल्यामुळे. घरात मात्र ‘आता फार चोखंदळ झालीय’ असा शेरा पडतो.

दोष सगळा घरच्यांचा नाही, हे मान्य केलं पाहिजे. मनीही सहकार्य करत नाही. पाळीव मांजराचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे २००७ च्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं, आणि सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे ओळख जुनी. पण त्या रानमांजराची रीत एकट्यानं शिकार करण्याची. कळप नाही, पाठीराखा नाही. लंगडताना दिसलं की मोठं जनावर फाडून खाणार. त्यामुळे दुखणं लपवणं ही मांजराची वडिलोपार्जित इस्टेट आहे. कुत्र्याच्या पायात काटा गेला तर गल्लीला कळतं. मांजराचा सांधा झिजला तर ते फक्त झोपायची जागा बदलतं. त्यातून ते दुखत असतानाही गुरगुरतं. आपण समजतो सुखात आहे. कधीकधी ते स्वतःची समजूत घालत असतं. तरीही चेहरा थोडी चुगली करतो. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. पाहायच्या गोष्टी पाचच: कान बाजूला वळून पडलेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेत का, मिशा ताठ सरळ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय का. सारंगखेड्याच्या जाणकाराला ही पट्टी शिकायला एक चहा पुरेल. अडचण शिकण्याची नाहीच. मांजर हे पारखायचं जनावर आहे, हे मान्य करण्याची आहे.

आता पुरावे एकेक करून घेऊ. पहिला पुरावा उडीचा. लोककथेत मांजर वाघाची मावशी. तिनं भाच्याला सगळ्या विद्या शिकवल्या, फक्त झाडावर चढायची तेवढी राखून ठेवली, आणि भाचा अंगावर आला तेव्हा त्याच विद्येनं ती वाचली. कथा तिथं संपते, कारण कथेतली मावशी म्हातारी होत नाही. खरी होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. नव्वद टक्के! राखून ठेवलेली विद्या अशी सांध्यांतून गळून जाते. पण घरात काय दिसतं? फडताळाच्या माथ्यावर झोपणारी मनी आता खालच्या गोणपाटावर झोपते. आजी खूश होते. म्हणते, वयानं शहाणपण आलं, उंडारणं सुटलं. माळ्यावरचे उंदीर तिला खुशाल वाकुल्या दाखवतात, तर काका म्हणतात, खाऊन माजली, आता कशाला शिकार करेल! पाठीच्या मागच्या भागावर केसांच्या गाठी होतात, कारण मान वळवून तिथं चाटता येत नाही. त्यावर शेरा असा, की गबाळी झाली. उचलायला गेलं तर फिसकारते. शेरा, तिरसट झाली. एका सांधेदुखीला शहाणी, माजोरी, गबाळी आणि तिरसट अशी चार विशेषणं मिळतात, औषध एकही मिळत नाही.

दुसरा पुरावा पाण्याचा आणि भुकेचा. उतारवयात मांजराची मूत्रपिंडं थकतात. लघवी दाट करणं जमत नाही, त्यामुळे ती जास्त होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर जास्त पिऊ लागतं. मधुमेहातही असंच होतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी अति काम करू लागली की मांजर दुप्पट खातं आणि तरी वाळत जातं, अस्वस्थ फिरतं, रात्री ओरडतं; हा रोग मांजरात असतो, हे १९७९ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी प्रथम नीट मांडलं. यावर नंदुरबारकर हमखास एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे: मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा पाणी कोण जास्त पीत नाही? बरोबर. तसंच नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत असते तेव्हा शिंकणं हे रोगाचं लक्षण नसून रहिवासाचा दाखला असतो. हवामानाचा वाटा वजा केलाच पाहिजे. पण वजा करायचा म्हणजे वजाबाकी पुरी करायची. सातपुड्यात डाबकडे दवाचे थेंब गोठल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांतही मनी बादलीवर वाकलेली असेल, तर उन्हाचा युक्तिवाद गारठून मरतो. घरातली तरुण मांजरी मिरचीच्या हंगामानंतर शिंकायची थांबली आणि म्हातारी थांबली नाही, तर मिरची निर्दोष सुटते. हवामान सगळ्यांना सारखं लागतं. रोग निवडून एकाला लागतो. उन्हावर खापर फोडण्याआधी एवढी उलटतपासणी व्हायला हवी.

तिसरा पुरावा पोत्यामागचा, म्हणजे ज्यावरून घरात सर्वांत जास्त भांडणं होतात तो. नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची कचेरी आणि स्वच्छतागृह गुजरातेत. त्यामुळे तिथला प्रवासी तिकीट एका राज्यात काढतो आणि निकडीला दुसऱ्या राज्यात जातो, पण म्हणून त्याला कोणी दगाबाज म्हणत नाही. सोय जिथं असते तिथं तो जातो. मनीला मात्र हा न्याय मिळत नाही. वर्षानुवर्षं ती परसात जात होती. आता परसाची पायरी गुडघ्यांना झेपत नाही, कानांना कमी ऐकू येत असल्यानं कुत्रं मागून कधी आलं ते कळत नाही, लघवी वारंवार लागते आणि मूत्राशयाला सूज असेल तर करताना दुखतं. ज्या जागेवर दुखलं ती जागाच दुखवते असं समजून ती दुसरी जागा शोधते. दादरच्या पोत्यामागे आडोसा आहे, अंधार आहे, पायरी नाही. निर्णय अगदी तर्कशुद्ध आहे. फक्त पोतं आपलं आहे. सूनबाईचा ‘मुद्दाम करते’ हा आरोप टिकायचा तर मांजराला सूड, नियोजन आणि धान्याचे भाव या तिन्हींची जाण असावी लागेल. आणि एक गोष्ट इथे विनोद बाजूला ठेवून सांगितली पाहिजे: बोका पुन्हापुन्हा बसून जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असतो. तेव्हा उद्याची वाट पाहायची नसते. एक-दोन दिवसांत जीव जातो.

चौथा पुरावा रात्रीच्या ओरडण्याचा, आणि इथेच भुतांचं दुकान चालतं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना सहसा म्याँव करत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखलेला असतो. म्हणजे रात्री तीनची हाक भुताला नसून आपल्यालाच असते. ऐकू येईनासं झालेल्या मांजराला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. मूत्रपिंडं किंवा थायरॉईड बिघडली की रक्तदाब वाढतो, आणि त्या दाबानं डोळ्यातला पडदा सुटून एका रात्रीत आंधळेपण येऊ शकतं. आजी म्हणते, हिला काहीतरी दिसतं. पुष्कळदा खरी गोष्ट बरोबर उलटी असते, हिला काहीच दिसत नाही. भर दुपारी बाहुल्या मोठ्या पसरलेल्या असणं ही त्याची खूण. तरी घरच्यांना पत्ता लागत नाही, कारण घराचा नकाशा मनीला पाठ असतो. चूल, उंबरा, बाज, सगळं जिथल्या तिथं. दिवाळीच्या साफसफाईत बाज कोपऱ्यातून खिडकीखाली जाते, मनी तिच्या पायाला धडकते, आणि घरात चर्चा सुरू होते की हिला बदल आवडत नाही. शिवाय मेंदूही म्हातारा होतो. माणसाच्या स्मृतिभ्रंशात सापडतात तसले प्रथिनांचे साठे वृद्ध मांजरांच्या मेंदूतही सापडले आहेत. २००७ च्या एका आढाव्यात ११ ते १४ वर्षांच्या घरगुती मांजरांपैकी सुमारे २८ टक्क्यांत उतारवयातच सुरू झालेला वागण्यातला निदान एक तरी बिघाड दिसतो, आणि पंधरापुढे निम्म्याहून अधिक मांजरांत, असं म्हटलं आहे. जेवून पाच मिनिटांत पुन्हा जेवण मागणं, ओळखीच्या घरात वाट चुकणं, भिंतीकडे पाहत बसणं, दिवसा झोपून रात्री फिरणं, ही त्याची लक्षणं. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी ही म्हण माणसाला लावतात. मांजराला ती अकराव्या वर्षापासून लागू आहे.

चुकीच्या स्पष्टीकरणाची किंमत नेहमी हसण्यावारी नेण्यासारखी नसते. १२३३ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्या फर्मानात सैतानपूजेच्या वर्णनात काळं मांजर आलं, आणि पुढच्या शतकांत युरोपात चेटकीण ठरवलेल्या म्हाताऱ्या बायका आणि त्यांची मांजरं यांची नावं एकाच आरोपपत्रात येऊ लागली. आपल्या सातपुड्यातही एखाद्या एकट्या वृद्धेच्या पुटपुटण्याचा, रात्री फिरण्याचा अर्थ ‘डाकीण’ या शब्दानं लावल्याची उदाहरणं आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिथं याविरुद्ध काम करत आले, आणि २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. म्हातारीला काय होतंय, हे विचारण्याऐवजी म्हातारी काय करतेय, एवढंच पाहायचं, ही खोड माणसाच्या बाबतीत जीव घेते. मांजराच्या बाबतीत ती फक्त हास्यास्पद वाटते, म्हणून सरावाला मांजरापासून सुरुवात करणं सोयीचं.

आणि या सातपुड्याला शरीर आधी, स्वभाव नंतर हा क्रम अगदी परका नाही. भिल्ल-पावरा पाड्यांवर वाघदेवाची पूजा होते. वाघ दुष्ट आहे म्हणून नव्हे, तर शेजारी आहे आणि त्याच्याशी हिशेबानं राहायचं असतं म्हणून. कुमाऊँच्या डोंगरात जिम कॉर्बेट यांनी नरभक्षक वाघांबद्दल जे लिहिलं, ते याच वळणाचं आहे. वाघ माणसावर वळतो तो बहुधा जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे, नेहमीची शिकार जमेनाशी झाली म्हणून, असं त्यांचं म्हणणं. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जात होते, आणि लोकांच्या लेखी ती साक्षात सैतान होती. कॉर्बेटनी तिचं तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. चारशे छत्तीस बळी घेणाऱ्या भाचीची बाजू कोणी तरी तोंड उघडून समजून घेतली. मावशीनं मात्र पोत्यामागे थोडी लघवी केली तर तिला बाजू मांडायला वकीलही मिळत नाही.

आता आक्षेप. पहिला शेजारच्या काकूंचा: वय झालं, एवढं साधं आहे, त्यात पाहायचं काय? पण वय हा रोग नाही. रोग ज्या काळात येतात त्या काळाचं ते नाव आहे. ‘वय झालं’ हे उत्तर बाकीची सगळी उत्तरं तपासून संपल्यावर द्यायचं असतं, तपासायचं टाळण्यासाठी नव्हे. आणि हे उत्तर आपण स्वतःसाठी कधी स्वीकारतो? शहात्तराव्या वर्षी गुडघा दुखला की हेच घर गाडी करून सुरत गाठतं. वय झालं म्हणून काकांना गोणपाटावर झोपवून कोणी मोकळं होत नाही. मांजराच्या थायरॉईडवर गोळी आहे, रक्तदाबावर गोळी आहे, दुखरा दात काढता येतो. मेंदूचं म्हातारपण बरं होत नाही हे खरं. तरी रात्रीचा एक बारका दिवा, जवळ ठेवलेलं पाणी, एक पायरी कमी, आणि बाज हलवायची नाही, एवढ्यानं रात्रीचा सूर खाली येऊ शकतो. दुसरा आक्षेप सूनबाईचा: मांजर मुळातच विचित्र असतं, मग प्रत्येक चाळ्याला रोग कसा म्हणायचा? म्हणायचा नाहीच. विचित्रपणा ही मांजराची प्रकृती आहे. जी जन्मभर पिठाच्या रिकाम्या डब्यात बसत आली, ती आजही बसत असेल तर तब्येत ठणठणीत समजावी. ती एकाएकी डब्यात बसेनाशी झाली तर चौकशी करावी. विचित्र काय, हा प्रश्नच चुकीचा. नवं काय, हा खरा प्रश्न. म्हणूनच आयुष्यभर पाठ दाखवणारी मनी उतारवयात अचानक मांडीवर येऊन चिकटली, तर ‘शेवटी माया कळली’ म्हणून भरून येण्याआधी तिला थंडी वाजतेय का, दिसेनासं झालंय का, भीती वाटतेय का, ते पाहावं. माया असेलच तर ती दोन दिवस थांबेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, अशा जिल्ह्यात मांजराच्या रक्तदाबाची चर्चा शोभते का? रांगेत मांजराला पुढे घाला, असं कोणी म्हटलं तर शोभणार नाही. मीही म्हणत नाही. माझी मागणी नजरेची आहे, आणि नजर कोणाच्या वाट्याची घ्यावी लागत नाही. आठवड्याच्या बाजारात मिरची ज्या काट्यावर तोलतात, त्यावर पिशवीत बसवून महिन्याला एकदा मनीही तोलता येते. वजन उतरत गेलं तर निम्मं निदान तिथंच झालं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचे दिवस गाई-शेळ्यांत जातात, मांजराचा रक्तदाब मोजायचं यंत्र तिथं असेलच असं नाही. पण दात, हिरड्या, डोळे, पोट पाहायला यंत्र लागत नाही. शिवाय पाड्यावरचं मांजर शोभेचं नसतं, ते कणगीवरचं राखणदार असतं. राखणदाराला दिसेनासं झालंय, ही बातमी कणगीच्या मालकाला उंदरांच्या आधी कळलेली बरी. इथे दोन इशारे द्यायलाच हवेत. कोणत्याही वयाचं मांजर एकाएकी अंगावर धावू लागलं, लाळ गाळू लागलं, तर पिसाळ रोगाची शंका घ्यावी. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लस घ्यायला जावं. आणि मायेपोटी घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती पचवण्याची सोय त्याच्या यकृतात नसते, आणि एका गोळीनंही ते मरू शकतं. स्पष्टीकरणांचे तज्ज्ञ निरुपद्रवी असतात. उपचारांचे तज्ज्ञ झाले की धोका.

शेवटी हिशेब मांडू, कारण हा जिल्हा व्यापाऱ्यांचाही आहे. समजा, आपण मनीला आजारी धरलं आणि ती निव्वळ हट्टी निघाली. नुकसान काय? रिक्षाचं भाडं, अर्धा दिवस, आणि पिशवीत घालताना हातावर उठलेले ओरखडे. आता उलट समजा, हट्टी धरलं आणि ती आजारी निघाली. मग नुकसान तिचं, आणि ते भरून येणारं नाही. पहिल्या चुकीची किंमत आपण देतो, दुसरीची ती देते. म्हणूनच दुसरी चूक आपल्याला इतकी सोपी वाटते. तेव्हा आजीनं दिवसातून किती पाणी संपतं ते पाहावं, काकांनी काटा धरावा, सूनबाईनं उडी कुठपर्यंत जाते ते ध्यानात ठेवावं, आणि काकूंनी ‘वय झालं’ हा निकाल डॉक्टरांच्या नंतर द्यावा. एवढं करून मनी बरी झाली तर ती कृतज्ञतेनं पाहील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ती पूर्वीसारखी पाठ फिरवून फडताळावर चढेल, तीच गुण आल्याची खूण. आणि समजा तिनं खरोखरच जवळ येऊन आभार मानले, तर ते नवं लक्षण समजावं आणि त्याच दिवशी पुन्हा दवाखाना गाठावा.